ट्रेमोलो : आवाजाची छाट



पत्रिकेत आमचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, आज पुन्हा विडीकामगारांच्या मजुरीचा हिशेब ऐकावा लागणार. तो हिशेब आमच्या खिशात नेहमीच असतो, आणि आजही तो शेवटी निघेलच. परंतु आजचा विषय आहे विजेच्या गिटारीला लावायचे ट्रेमोलो नावाचे पेडल. आम्ही वादक नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटावर झाले. मग हा विषय आमच्याकडे आला कसा, ते आधी सांगतो.

तिरोडा तालुक्यातल्या आमच्या एका सभासद बाईंचा मुलगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवितो. लग्नसराईत आणि चौदा एप्रिलच्या आगेमागे त्याला सुपाऱ्या मिळतात; पावसाळ्यात तो रोवणीला जातो. एके दिवशी तो कचेरीत आला आणि म्हणाला, "काका, आईचे बोनसचे पैसे हाएत. ट्रेमोलो घेऊ का नको, तुमी सांगा."

आता, विड्या वळून मिळालेला बोनस म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. तो पैसा अंदाजाने खर्च करू द्यावा, हे आमच्या मनाला पटेना. म्हणून आम्ही त्याला सांगितले, "थांब. आधी ही वस्तू काय आहे, ती आपण दोघे समजून घेऊ." पुढचे दोन महिने आम्ही जे विचारले, वाचले आणि नागपूरच्या दुकानात तीन खेपा घालून ऐकले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ट्रेमोलो हा इटालियन शब्द आहे. त्याचा अर्थ थरथरणारा. पण थरथरते काय, हा खरा प्रश्न आहे. आपण पेटीवर एक सूर दाबून धरा आणि भाता एकसारखा न हलविता हलके हिसके देत हलवा. सूर तोच राहतो, मात्र आवाज लहानमोठा होतो. हा ट्रेमोलो. आता सतारीची तार पडद्यावर आडवी ओढा आणि सोडा. येथे आवाजाचा जोर फारसा बदलत नाही. सूरच वरखाली होतो. हा व्हायब्रेटो. पहिल्यात सुराचा जोर हलतो, दुसऱ्यात सुराची जागा हलते. एवढा भेद ध्यानात ठेवला, तर निम्मी फसवणूक टळते.

फसवणूक म्हणण्याचे कारण असे की, ही दोन नावे खुद्द कारखानदारांनीच उलटसुलट केली आहेत. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार काढली. तिच्यावर एक दांडी आहे. ती दाबली की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. हा उघड व्हायब्रेटो, पण कंपनीने त्याला नाव दिले ट्रेमोलो. उलट, त्याच कंपनीच्या कित्येक ॲम्प्लिफायरांवर व्हायब्रेटो असे छापलेले आहे आणि आत सोय आहे ती आवाज लहानमोठा करण्याची! म्हणून दुकानात नाव वाचून भागत नाही. एक सूर छेडावा, डोळे मिटावे आणि काय हलते ते ऐकावे.

ही युक्ती मुळात निघाली कशी, तेही ऐकण्याजोगे आहे. १९४०-५०च्या दशकात अमेरिकेत डीआर्मंड या नावाची एक पेटी निघाली. तिच्यात वीज वाहून नेणाऱ्या द्रवाची एक लहानशी कुपी असे आणि एक मोटर ती कुपी हलवीत असे. द्रव हिंदकळून आतल्या तारेला लागला की गिटारीच्या आवाजातला काही भाग जमिनीकडे वाहून जाई. द्रव बाजूला झाला की आवाज पुन्हा पुरता. बो डिडली या कृष्णवर्णीय गायक-वादकाने १९५५ साली आपल्याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले, त्यातली गिटार अशीच थरथरते. त्याच वर्षी फेंडरने ट्रेमोलक्स नावाचा ॲम्प्लिफायर काढला आणि ते काम व्हॉल्व्हवर सोपविले. पुढे एक लुकलुकणारा दिवा आणि उजेडाप्रमाणे वीज कमीजास्त जाऊ देणारा एक पुर्जा यांची जोडी आली. आज पायाने दाबायच्या मूठभर डबीत तेच काम लहानसे सर्किट करते. जपानच्या बॉस कंपनीचे टीआर-२ हे पेडल १९९७ साली निघाले. त्यावर तीन बटणे आहेत. ही तीन समजली की पुष्कळशी पेडले समजली.

पहिले बटण वेगाचे : सेकंदात आवाज किती वेळा पडावा आणि उठावा. दुसरे खोलीचे : प्रत्येक वेळी तो किती पडावा. तिसरे लहरीच्या आकाराचे : तो उतारावरून घसरावा, की कडेलोट झाल्यासारखा एकदम तुटावा.

श्रोतेहो, यातले दुसरे बटण आम्हाला कळले आणि आम्ही चमकलो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, छाट. बाई दिवसभर मान मोडून विड्या वळते. संध्याकाळी सट्टेदार त्यातल्या मूठभर बाजूला काढतो आणि म्हणतो, या वाईट. त्यांची मजुरी नाही. ट्रेमोलो आवाजात कसलीही भर घालीत नाही. तो गिटारीच्या आवाजाची छाट काढतो, एका सेकंदात पाच-सहा वेळा. उरलेल्यातून जी नक्षी दिसते, तीच त्याची शोभा. फरक एवढाच की, येथे छाट किती काढायची ते बटण वादकाच्या स्वतःच्या हातात असते. ज्याच्या हातात ते आहे, त्याने ते समजून फिरवावे.

आमच्या मुलाने प्रथम ते समजून फिरविले नाही. एका मित्राचे पेडल मागून आणले आणि जयंतीच्या कार्यक्रमात खोलीचे बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवले. बाबासाहेबांवरचे गाणे चालू होते. गायिकेचा शब्द आणि गिटारीची तुटतुट यांची अशी मारामारी झाली की, शब्द कोणाला लागेना. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजी मध्येच म्हणाल्या, "बाबू, तुज्या बाज्याले हिवताप आला का गा?" मंडप हसला. मुलगा खजील झाला. परंतु आमच्या मते ट्रेमोलोवरची इतकी नेमकी टीका कोणत्याही पुस्तकात नसेल.

तेव्हा वापराचा पहिला नियम असा : शब्द चालू असताना खोली थोडी ठेवावी किंवा पायाने पेडल बंदच करावे, दोन कडव्यांमधल्या जागेत ती वाढवावी. दुसरा नियम वेगाचा. गाण्याचे ठोके मिनिटाला ९० असतील आणि एका ठोक्यात दोन लहरी हव्या असतील, तर मिनिटाला १८०, म्हणजे सेकंदाला ३ लहरी झाल्या. हा हिशेब जमला नाही तर गिटार एकीकडे आणि ढोलक दुसरीकडे चालते. मंडपात गणित करीत बसण्याची गरज नाही. तालमीतच ढोलकवाल्याशेजारी बसून बटण जुळवावे आणि त्या जागी खडूची खूण करावी. तिसरा नियम : तारा भराभर झोडू नयेत. एक झंकार द्यावा आणि तो वाजू द्यावा. सुराला लांबी असेल तरच थरथर ऐकू येते. आवाज फाटका करणारे दुसरे पेडल जवळ असेल तर ट्रेमोलो साधारणतः त्याच्यानंतर लावावा, म्हणजे छाट स्वच्छ पडते.

आता निवडीविषयी. आपली स्वतःची गिटार दुकानात घेऊन जावे. पेडल चालू करताच एकंदर आवाज खाली गेल्यासारखा वाटतो काय, ते पाहावे. छाट काढल्यावर माप कमी भरणारच; म्हणून आवाज भरून काढणारे चौथे बटण असलेले पेडल मिळाल्यास अधिक बरे. सर्वांत हळू वेग खरोखर हळू आहे काय, हेही पाहावे. आपल्याकडची गाणी पुष्कळदा संथ असतात. खटका मजबूत हवा, कारण त्यावर चपलेसकट पाय पडणार. आणि विजेकडे लक्ष द्यावे. बहुतेक अशी पेडले ९ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूचा ॲडाप्टर चालेल म्हणून लावला, तर तो बाधू शकतो. मित्राचे ते पेडल आमच्या मुलाने असेच जाळले आणि त्याची भरपाई दोन सुपाऱ्यांतून केली. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात घरघर फार येते. तेथे ९ व्होल्टची बॅटरी जवळ असावी.

कोणी म्हणतील, हे परदेशी खूळ आपल्या मंडपात कशाला? आमची पेटीही युरोपातूनच आली आणि आज तिच्यावाचून भजन होत नाही. १९५४च्या 'नागिन' चित्रपटात पुंगी म्हणून जी आपण ऐकली, ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजविली होती. वाद्य कोठले, हा प्रश्न दुय्यम. ते कोणाच्या हाती आहे आणि त्याला ते कळले आहे काय, हा प्रश्न पहिला.

शेवटी मुलाला आम्ही काय सांगितले? घे म्हणालो, पण महागडे नको, तीन-चार बटणांचे साधे घे, आणि आईच्या बोनसचा निम्माच पैसा त्यात घाल. त्याने तसेच केले. मागल्या महिन्यात त्याच गावी, त्याच आजींपुढे, तो पुन्हा वाजविताना आम्ही ऐकला. शब्द चालू होते तोवर गिटार सरळ उभी होती. कडवे संपले आणि एक झंकार बोदीतल्या पाण्यासारखा हलत गेला. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मान हलविली.

आता तो खिशातला हिशेब. गिटार, पेडल, बॅटरी, तारा हा सारा खर्च वादक करतो आणि सुपारी ठरविताना त्यातला एक पैसाही कोणी धरीत नाही. त्याला हजेरीपट नाही, ठरलेला दर नाही, आणि पाऊस आला की कार्यक्रमाबरोबर मजुरीही वाहून जाते. आपल्यापैकी अनेक जण लग्नाला, उत्सवाला ऑर्केस्ट्रा बोलावितात. आमची आपल्याला एवढीच विनंती आहे : ठरलेली रक्कम त्याच रात्री पुरती द्या. आवाजाची छाट तो आपल्या पायाने, आपल्या मर्जीने काढील. त्याच्या मजुरीची छाट आपण काढू नये.