मुलांच्या हाती आलेले यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिन म्हटला की गाणी, खेळ आणि फराळ हे आलेच. पण यंदा त्याबरोबर घरी नेता येईल असा एखादा विचारही असावा, असे अध्यक्षबाईंच्या मनात आले आणि ते काम त्यांनी माझ्याकडे सोपविले. मी आयुष्याची तीस वर्षे शाळेत मराठी शिकविण्यात घालविली; तेव्हा मुलांविषयी बोलावे हेच बरे. आणि आज मुलांविषयी बोलायचे म्हणजे त्यांच्या हातातल्या मोबाईलविषयी बोलणे भाग आहे.

या मोबाईलविषयी आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, ‘या मेल्या फोनने पोरे वाया गेली!’ आणि दुसरे, ‘आमचा नातू दोन वर्षांचा, पण फोन कसा चालवतो बघा!’ गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच तोंडून, एकाच दिवशी निघतात. तेव्हा तक्रार आणि कौतुक दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून हे यंत्र मुलांचे नेमके काय करते, ते पाहू या.

विद्यार्थ्याच्या हाती साधन येणे ही काही नवी गोष्ट नाही. पाटी आली, दौत-टाक आला, शाईचे पेन आले. पुढे घरात रेडिओ आणि टीव्ही आले. पण यांतले प्रत्येक साधन एकच काम करी. शिवाय रेडिओ-टीव्ही साऱ्या घराचे होते. मोबाईल एकट्याचा असतो आणि त्याची पाठ आपल्याकडे असते. पूर्वी आई दारातून डोकावली की मूल अभ्यास करते आहे की खेळते आहे, हे तिला एका नजरेत कळे. आता बीजगणित सोडविणारे मूल आणि रील पाहणारे मूल, दोघांचीही मान सारखीच खाली असते. आपली खरी अडचण इथे आहे.

आणि हे यंत्र मुलांच्या हाती आपणच दिले, तेही चैनीसाठी नव्हे, हेही विसरता कामा नये. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शाळेचे दार म्हणजे फोन, अशी स्थिती आली. ज्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरातल्या मुलांची शाळा वडील परतल्यावर भरे. कोकणात, सह्याद्रीच्या खेड्यांत मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत. त्या दिवसांत या यंत्राने शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

चांगला शिक्षक असला तर हे यंत्र काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबविली. कोडावर फोन धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. इथे फोन पुस्तकाच्या जागी आला नव्हता. पुस्तकाच्या मदतीला आला होता.

आता दुसरी बाजू. ‘प्रथम’ या संस्थेतर्फे देशभरातील ग्रामीण मुलांची ‘असर’ नावाची पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना फोनबद्दल विचारले होते. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. गेल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरला, असे सांगणारी मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी ७६ टक्के. म्हणजे ‘अभ्यासासाठी घेऊन दिला’ असे आपण म्हणतो खरे, पण अभ्यासाचा क्रमांक दुसरा लागतो.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला अधिक टोचला. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण २६.९ टक्के होते. भगिनींनो, एकेकाळी वही-पुस्तकाच्या बाबतीत जे झाले तेच इथे होते आहे. मुलाला फोन ‘लागतो’ आणि मुलीच्या हाती तो ‘बिघडवतो’! मुलाची चूक झाली तर फोन दोन दिवस बंद, मुलीची झाली तर फोनही बंद आणि कधी कधी शिकवणीही बंद. फोनच्या दुष्परिणामांची चर्चा करताना हा पक्षपात आपल्या घरात शिरत नाही ना, हे आपण बायकांनीच पाहायचे आहे. कारण याची झळ आपल्याला ठाऊक आहे.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे निबंधाकडे येते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून विषय सांगताच निबंध लिहून देणारे यंत्र घरोघर पोहोचले. गेल्या सुटीत शेजारची तीन मुले ‘माझी आजी’ हा निबंध तपासायला माझ्याकडे घेऊन आली. तिन्ही निबंधांतल्या आज्या प्रेमळ, कष्टाळू आणि संस्कारांची शिदोरी देणाऱ्या. तिन्ही आज्या चांदण्यात अंगणात बसून गोष्टी सांगत होत्या. आमच्या इमारतीला अंगण नाही, हे सोडून द्या. पण या तिन्ही आज्या माझ्या चांगल्या ओळखीच्या! एक पहाटे उठून डबे करते, दुसरी पोस्टातून निवृत्त होऊन रोज शब्दकोडे सोडविते, आणि तिसरीला ऐकू कमी येते, पण पत्ते खेळताना ती हातोहात फसविते.

मी त्या तिसरीच्या नातीला विचारले, “काय गं, आजी गोष्टी सांगते का तुला?”

ती म्हणाली, “नाही. ती झब्बू खेळताना पान लपवते.”

“मग तेच लिही की!”

त्यावर ती म्हणाली, “असं लिहिलेलं चालतं?”

मैत्रिणींनो, यात दोष एकट्या यंत्राचा नाही. यंत्र येण्यापूर्वी गाइडमधले निबंध पाठ करून लिहिणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली, आणि त्या निबंधांना गुणही मिळत. यंत्राने एवढेच केले की पाठ करण्याचेही कष्ट वाचविले. पण ‘असं चालतं का?’ हा प्रश्न मोठा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, स्वतःच्या शब्दांत सांगितलेले चालते, हा विश्वासच मुलाला नसेल, तर त्याच्या हाती पाटी द्या नाहीतर फोन द्या, ते उसनेच लिहिणार. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा निबंध आणला. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. पण आजी तिची स्वतःची होती.

यातून मला एक कसोटी सापडली. मूल फोन घेऊन बसले की ‘किती वेळ’ एवढेच न विचारता ‘काम कोण करते आहे?’ असे विचारावे. विचार मूल करते आहे की यंत्र? पुरणपोळी कशी करतात याचे शंभर व्हिडिओ पाहिले म्हणून पोळी येत नाही. पुरणात उलथने उभे राहू लागले की पुरण झाले, ही खूण आपण पातेल्यापाशी उभे राहूनच शिकलो. एखादी लाटताना फुटली, एखादी तव्याला चिकटली, तेव्हा कुठे हात बसला. शिकणे म्हणजे हा हात बसणे. यंत्र नेमके हेच कष्ट वाचवू पाहते, आणि ते वाचले की शिकणेही राहून जाते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे शिक्षकाचे शब्द जसेच्या तसे उतरवीत. हाताने लिहिणाऱ्यांना तितक्या वेगाने लिहिता येत नसे, म्हणून त्यांना महत्त्वाचे निवडून आपल्या शब्दांत लिहावे लागे. अर्थ समजला की नाही हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण निवडावे लागते म्हणून विचार करावा लागतो, हे आपल्यालाही पटण्यासारखे आहे.

उलट, मूल स्वतः राबत असेल तर तेच यंत्र किती कामाचे! हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१७ पासून त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात संगणकावर वाचता-ऐकता येतात. अशा कामाला तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरावे लागे. आज ध्वनिमुद्रणाचे साधन आपल्या प्रत्येक नातवंडाच्या खिशात आहे. त्याने आजीसमोर फोन ठेवावा, प्रश्न विचारावेत, ऐकलेले लिहून काढावे. आजीही खूश, मराठीही सुधारेल, आणि फोनही सत्कारणी लागेल!

राहिला प्रश्न वेळेचा. सरकारे कायदे करीत आहेत. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी आली. पण मला अधिक भावले ते सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव. २०२२ मध्ये या गावाने ठरविले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. कल्पना सरपंचांची, पुरुषमंडळी आधी हसली, पण गावच्या बायकांनी ती उचलून धरली, कारण आपल्या मालिकाही बंद ठेवायला त्या तयार झाल्या. सारे मर्म इथे आहे. नुसते मुलाला ‘फोन ठेव’ म्हणून भागत नाही; म्हणणारीच्या हातातलाही फोन खाली ठेवावा लागतो.

तेव्हा मंडळापुढे मी तीन लहानशा सूचना ठेवते. पहिली, आपापल्या घरी रोजचा एक तास ठरवावा आणि तो लहानथोर सर्वांना सारखा लागू असावा. दुसरी, घरात फोनचे जे नियम असतील ते मुलगा आणि मुलगी दोघांना एकच असावेत. तिसरी, शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. तिथे मुलांना फोन घेऊन बोलवावे आणि आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींच्या ओव्या, उखाणे, आठवणी त्यांच्याकडून ध्वनिमुद्रित करून लिहवून घ्याव्यात. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची चार पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत, अशी संपादिकाबाईंना माझी विनंती आहे. शुद्धलेखन तपासायला मी आहेच. आजीचे लपविलेले पान मात्र तसेच राहू द्यावे.