जमिनीखाली गेलेला निधी
(वार्षिक सभेतील निवेदन)



आपला इमारत निधी अद्याप डोळ्यांना दिसत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. मुंबईच्या खाडीकाठची आमची भूमी वरून चिखलमातीची; खडक खोलवर. घणाने पाइल ठोकल्या असत्या, तर हादरे शेजारच्या अतिदक्षता विभागास बाधले असते. म्हणून आम्ही जमिनीत यंत्राने भोके घेतली, बेंटोनाइटच्या द्रावणाने त्यांच्या कडा सावरल्या, सळ्यांचा पिंजरा उतरवला आणि ट्रेमी नळीतून तळापासून वर काँक्रीट भरले. त्यापूर्वी तळाचा गाळ प्रत्येक वेळी काढला. घाई केली असती, तर दोष कायमचा गाडला गेला असता. भारचाचणी समाधानकारक ठरल्यावरच देयक मंजूर केले. विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र उद्याच्या प्रत्येक खाटेचा भार याच पाइल वाहणार आहेत.