डोळ्यापुढं सावली आली, तर थांबू नका
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)



बचतीचा हिशोब नंतर घेऊ. आधी डोळ्याचं बोलू. डोळा लाल झाला, ठणकला की आपण दवाखाना गाठतो. पण डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा दुखत नाही. वरून डोळा चांगला दिसतो, आणि नजर मात्र जाते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो. त्याच्यावर उजेड पडतो म्हणून आपल्याला दिसतं. त्याला चीर पडली की आतलं पाणी पडद्यामागं शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

खुणा तीन. एकाएकी डोळ्यापुढं पुष्कळ काळे ठिपके, जाळं दिसतं. कडेला वीज चमकल्यासारखं होतं. मग एका बाजूनं काळी सावली सरकत येते. मोतीबिंदूत नजर हळूहळू धूसर होते, हे मात्र काही तासांत, दिवसांत वाढतं.

एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं लवकर कळत नाही. म्हणून आत्ताच एकेका डोळ्यावर तळहात ठेवून समोरचं कॅलेंडर बघा.

ज्यांना मोठा मायनस नंबर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला मार लागलाय किंवा जुनी शुगर आहे, त्यांनी जास्त जपावं.

नुसती चीर असेल तर बहुधा लेझरवर भागतं. पडदा सुटला तर ऑपरेशन लागतं. मधला भाग सुटायच्या आत ते झालं तर नजर वाचायची आशा जास्त. मेडिकलवरच्या थेंबांनी पडदा चिकटत नाही.

दिवाळीच्या सुमारास आपल्यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात. तिथं ही खूण दिसली तर 'खाडा पडंल, उचल फिटायचीय' म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. इकडं असाल तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. 'पडद्याच्या डॉक्टरकडं कधी आणि कुठं जाऊ?' असं विचारूनच उठा.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तसं डोकं ठेवावं लागतं, कधी कधी बरेच दिवस पालथं. तेव्हा तिचं पाणी, तिच्या भाकरी गटानं वाटून घ्याव्या. गाडीभाड्याचं कर्ज द्यायला पुढच्या बैठकीची वाट बघू नये. हप्ता मागं-पुढं झाला तरी भरून निघतो. गेलेली नजर तशी भरून निघत नाही, बायांनो.