‘डेंजर’ म्हणजे कसले डेंजर?



बोईसरच्या बाजारात घटकाभर उभे राहिले, तर ‘डेंजर’ हा शब्द दहा वेळा कानी पडतो. वळण डेंजर, कुत्रा डेंजर, मिरची डेंजर. पोरगा फार हुशार निघाला, तर तोही डेंजर! इंग्रजीत ‘डेंजर’ म्हणजे धोका आणि ‘डेंजरस’ म्हणजे धोक्याचे. आपण एकाच शब्दावर दोन्ही भागवतो. बोलताना ते चालते. पाटी वाचताना चालत नाही.

धोक्याच्या जाती असतात. दर्या खवळला, तरी सातपाटीचा मच्छीमार त्याला विषारी म्हणणार नाही. धामण दिसायला भयंकर, पण विषारी नव्हे.

विजेच्या खांबावर कवटीपाशी ‘धोका’ लिहितात. आपल्याला ते कळते. पण तारापूरच्या कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार पुष्कळ. त्यांच्या हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक! आपल्या धोक्याला ते ‘खतरा’ म्हणतात. म्हणून पाटीवर दोन्ही शब्द हवेत, असे आम्हांला वाटते.

आता तारापूरच्या रसायनांच्या पिंपांकडे वळू. त्यांवरचे तीन शब्द नीट ओळखा.

पहिला ‘ज्वालाग्राही’. ज्वाला म्हणजे जाळ, ग्राही म्हणजे घेणारे. जाळ चटकन धरणारे. ‘ज्वलनशील’ हा त्याचाच भाऊ. पेट्रोल असे आहे. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांब बसलेल्या माणसाच्या विडीपर्यंत पोचते. टँकरच्या पाठीवर इंग्रजीत ‘इन्फ्लेमेबल’ लिहितात. इंग्रजीत ‘इन्’ पुष्कळदा नकार दाखवतो, जसा आपला ‘अ’. त्यामुळे थोडे इंग्रजी शिकलेला गडी समजतो, की हे पेटत नाही. पण ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोहोंचा अर्थ एकच : पेटणारे. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. या घोटाळ्यापायी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संस्थेने १९२० नंतरच्या दशकातच ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरा, असे सांगितले होते. आपल्याकडे जुना शब्द अजून दिसतो.

दुसरा ‘दाहक’. याला काडी लागत नाही. ते स्वतःच कातडी जाळते. अ‍ॅसिड दाहक, कॉस्टिक सोडाही दाहक. अंगावर उडाले, तर कपडा लगेच काढावा, निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे आणि दवाखाना गाठावा. हळद, तेल, चुना काही लावू नये.

तिसरा ‘विषारी’. पोटात गेले तरच विष बाधते, असे नाही. श्वासावाटे आणि कातडीतूनही ते अंगात शिरते.

अक्षर पुसट असले, तर चित्र पाहा. पतंगासारख्या चौकोनात तांबड्यावर जाळ आणि ३ आकडा : ज्वालाग्राही. पांढऱ्यावर कवटी आणि ६ : विषारी. हातावर थेंब पडताना दिसतात आणि खाली ८ : दाहक.

आणखी एक शब्द आहे, ‘रिकामे’. भंगारवाल्याकडून रिकामे पिंप घेऊन त्यात पिण्याचे पाणी भरणारी घरे आहेत. धुऊन वास गेला, तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन जाईलच असे नाही. चिठ्ठी खरवडलेले पिंप तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. लोखंडी पिंप गॅसने कापणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. भरलेल्या पिंपात हवेला जागा थोडी असते. रिकाम्यात उरलेली वाफ आणि हवा एकत्र होतात, आणि ठिणगी पडताच पिंप फुटते.