शिलेखान्यातील हिरा

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा पाडाव होऊन टिपू सुलतान मारला गेला. त्यानंतर मातलेल्या लुटालुटीत हर्नकॅसल नावाचा एक इंग्रज अंमलदार, तीन हिंदी माणसांच्या खुनाचा वहीम अंगावर घेऊन, टिपूच्या शिलेखान्यातून खंजिराच्या मुठीत जडविलेला पिवळा हिरा लांबवितो, या कल्पित प्रसंगाने विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीचा आरंभ होतो. १८६८ साली ती डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः निघाली, तेव्हा सत्तावनच्या उठावाला जेमतेम अकरा वर्षे लोटली होती. अशा काळी मूळ चोर आपल्याच फौजेतला दाखविण्याचे धाडस मला तिच्या रहस्याहूनही मोलाचे वाटते.

हा हिरा वारशाने यॉर्कशायरमधील रेचल नावाच्या तरुणीकडे येतो आणि तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्रीच नाहीसा होतो. चोरीनंतर ती ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याशीच अबोला धरते. त्यामुळे चोर सापडल्याविना प्रेम जुळत नाही, अशी दुहेरी गाठ लेखकाने घातली आहे. आणि विनोद? तो घरच्या वृद्ध कारभाऱ्याच्या, बेटरेजच्या, वाट्याला आला आहे. पोथी उघडून शकुन पाहावा तसा हा गृहस्थ प्रत्येक अडचणीत ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो. घर सांभाळणाऱ्या बाईला दर आठवड्याला पैसे मोजावे लागतात, तीच बायको झाली तर सेवा फुकट मिळेल, असा हिशेब करून त्याने लग्न केलेले असते!

मूळचा हा हिरा सोमनाथच्या चंद्रदेवाचा, असे कॉलिन्स सांगतो. शिवाच्या ज्योतिर्लिंगाच्या स्थानी चंद्राची मूर्ती बसविण्याची ही विलायती मोकळीक आपण सोडून देऊ; परंतु देवाच्या ठेव्यासाठी समुद्रोल्लंघन करून, गारुड्यांचा वेष घेऊन, जात गमावणारे तीन ब्राह्मण त्याने ज्या आदराने रंगविले आहेत, तो आदर त्या काळी दुर्मीळच म्हणावा लागेल.

सारी कथा कोर्टातल्याप्रमाणे निरनिराळ्या साक्षीदारांच्या जबान्यांतून उलगडते. या तिघांची जबानी मात्र कोठेच नाही. त्यांच्यातील एक जण काय तो लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत अवतरतो, अस्खलित इंग्रजीत कर्ज मागतो आणि नकार मिळताच, कर्ज मिळाले असते तर फेडीची रिवाजी मुदत किती असती, एवढेच विचारतो. वकील एक वर्ष सांगतो, आणि हा अदबीने निरोप घेऊन चालता होतो.