आपसात मिटलं, पण गुन्ह्याचं काय?

नवरा-बायकोचा वाद, छळाची फिर्याद, आणि पुढे दोन्ही घरांनी बसून संमतीने घेतलेला काडीमोड. इथवर मिटलं. पण फिर्याद मागे घेते म्हटल्याने खटला संपत नाही, कारण तो आता सरकारने आरोपीविरुद्ध चालवलेला असतो.

साध्या मारहाणीसारखे गुन्हे तडजोडयोग्य असतात. ते खालच्या कोर्टात मिटवता येतात. पत्नीच्या छळाचा गुन्हा कायद्यातल्या तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली. जुन्या संहितेत हेच कलम 482 होतं. वैवाहिक वादात असा गुन्हा रद्द करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये बी. एस. जोशी खटल्यात सांगितलं. 2012 च्या ग्यान सिंग निकालाने पैशांचे, व्यापाराचे, घरगुती वादही त्यात आणले. खून, बलात्कार, दरोडा मात्र बाहेरच ठेवले. ते योग्यच झालं. अशा गुन्ह्यांत समाजही दुखावलेला असतो.

या अर्जासोबत फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र लागतं. तडजोड खुशीने केली का, हे न्यायमूर्ती अनेकदा स्वतः विचारतात. मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. पोटगी हातात पडण्याआधी, केवळ नातेवाइकांच्या दबावाखाली कुणी सही करत असेल, तर तिने तिथेच स्पष्ट सांगावं. महिलांना वकिलाची मोफत मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. त्याचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.