पोरांच्या वाढदिवसाला काय द्यावे?

 

मागच्या खेपेला वर्ग सुटल्यावर एका बाईंनी विचारले, "गुरुजी, पोरीचा वाढदिवस आलाय. काय घेऊ तिला?" प्रश्न साधा आहे. पण या प्रश्नापायी घरोघरी पैसा जातो. कधी कधी कर्जही होते. म्हणून आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

आमच्या लहानपणी खेड्यात वाढदिवस कुठला? जन्मतारीखच कुणाला ठाऊक नसे. "ज्वारीच्या काढणीत झाला," एवढेच आई सांगे. मग शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. शाळा जूनमध्ये उघडे, त्यामुळे वय बरोबर बसे. आजही गावात विचारून पाहा. साठीच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनलाच निघेल!

आता तसे चालत नाही. म्हणून पोराला पहिली भेट द्यायची ती जन्माच्या दाखल्याची. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद करावी. बाळंतपण घरी झाले तर ग्रामपंचायतीत कळवावे. दवाखान्यात झाले तर दवाखाना कळवतो. तरी नोंद झाली का, हे आपण विचारावे. नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. नाव मागून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना, आधार कार्ड काढताना, पुढे मतदार यादीत नाव लावताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

आता वाढदिवसाचे बोलू. हल्ली चौकात फलक लागतो, केक येतो, कर्णे वाजतात. केक आणू नये असे आम्ही म्हणत नाही. पोरांना गोड आवडते. पण बचत गटातून पैसे उचलून फलक लावायचा, हे काही आम्हांला पटत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरी पोराच्या पाचव्या वाढदिवसाला असेच झाले. बॅटरीवर चालणारी मोठी गाडी आणली. आठ दिवसांत तिचे चाक निखळले. गाडी गोठ्यात पडली आणि कर्जाचे हप्ते वर्षभर चालले. त्या पोराची बहीण सातवीत होती. तिचा वाढदिवसही त्याच महिन्यात. तो कुणाच्या लक्षातच नव्हता. पोरगी काही बोलली नाही. पण पोरी बोलत नाहीत म्हणून त्यांना कळत नाही, असे कुणी समजू नये. आई ओवाळते तेव्हा तबकातला दिवा दोघांना सारखाच दिसतो. मग लेकाला ओवाळावे आणि लेकीला विसरावे, हे कसे?

खेळणे द्यायचे तर वय पाहून द्यावे. चालायला लागलेल्या पोराला पांगुळगाडा द्यावा. गावचा सुतार करून देतो. कडा नीट घासून घ्याव्यात, कूस राहू देऊ नये. बाजारचे खेळणे घेताना त्यावर आयएसआयचा शिक्का पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. आणखी एक. काही खेळण्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान पोर तो गिळते. दोन तासांतही आत अन्ननलिका भाजते. असा सेल स्क्रूने पक्का बंद नसेल तर ते खेळणे घरात आणू नये. सेल गिळल्याचा संशय जरी आला, तरी उलटी करवू नये, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे.

आठ-दहा वर्षांच्या पोराला मात्र सांभाळायला काहीतरी द्यावे. एक तलंग द्या. ही तुझी, असे सांगा. दाणापाणी त्याने करायचे, रात्री डालायचे त्याने. सोबत एक वही द्या. आज अंडे दिले की नाही, विकले तर किती पैसे आले, सारे तो लिहील. कोंबडी खुडूक बसली की २१ दिवसांनी पिल्ले निघतात. पोर बोटांवर दिवस मोजत बसते. शाळेत गणिताला कंटाळणारी पोरे या वहीत बेरजा न चुकता करतात, हे आम्ही पाहिले आहे. कधी मुंगूस कोंबडी नेते. पोर रडते. रडू द्यावे. दुसऱ्या दिवशी खुराड्याचे दार तेच दुरुस्त करायला बसते.

आणि पुस्तक. "आम्हांला कुठं वाचता येतं," असे तुम्ही पूर्वी म्हणत होता. आता तसे म्हणता येणार नाही! पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले. त्यात गोष्टी, कोडी, चित्रे असतात. गोष्टीचे एखादे पातळ पुस्तकही चालेल. अक्षर मोठे पाहून घ्यावे. पहिल्या पानावर पोराचे नाव आणि तारीख आपल्या हाताने लिहावी. आपल्याच वर्गातल्या एका बाईंनी तसे लिहिले. तोवर त्या फक्त सही करीत. लेकीचे नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला. एक वेलांटी चुकली, ती लेकीने दाखवली. मग दोघींनी मिळून ती दुरुस्त केली. ते पान त्या पोरीने शाळेत सगळ्यांना दाखवले. रोज रात्री दोघी एकेक पान वाचतात. कुठे आई अडते, कुठे लेक अडते.

लेक दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. ही योजना २०१५ साली निघाली. वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात. म्हणजे वाढदिवसाला एक केक कमी. पैसे १५ वर्षे भरायचे. खाते २१ वर्षांनी पुरे होते. मुलगी अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. दर वाढदिवसाला लेकीला पोस्टात सोबत न्यावे. पासबुकातला आकडा तिलाच वाचू द्यावा.

ज्यांना खाते काढायचे असेल त्यांनी पुढच्या वर्गाला येताना मुलीचा जन्मदाखला, आपले आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो आणावा. पोस्टातून कोरे अर्ज आम्ही आणून ठेवू. अर्ज इथेच बसून भरू. आम्ही सांगू, लिहायचे तुम्ही.